थोरला गॅरेट : आयर्लंडचा बिनमुकुटाचा राजा की इंग्रज राजाचा सुभेदार?

पाणवठा (धागाकर्ता)

किल्डेअरचा आठवा अर्ल जेरल्ड फिट्झजेरल्ड (जन्म सुमारे १४५६, मृत्यू १५१३) आयर्लंडमध्ये 'गॅरेट मोर' या नावाने ओळखला जातो. आयरिश भाषेत 'मोर' म्हणजे थोरला. त्याच्या मुलाचेही नाव तेच असल्यामुळे तो 'ओग', म्हणजे धाकटा. आपल्याकडे थोरले आणि धाकटे म्हणतात तसेच हे, त्यामुळे पुढे मी थोरला गॅरेट असेच लिहितो.

मधली काही वर्षे वगळता १४७८ पासून मृत्यूपर्यंत हा मनुष्य डब्लिनमध्ये इंग्लंडच्या राजाचा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे आपल्या भाषेत सुभेदार, होता. चौथा एडवर्ड, पाचवा एडवर्ड, तिसरा रिचर्ड, सातवा हेन्री आणि आठवा हेन्री अशा पाच राजांच्या कारकिर्दी त्याने पाहिल्या. पुढच्या काळातील लेखकांनी त्याला 'आयर्लंडचा बिनमुकुटाचा राजा' ही पदवी देऊन टाकली आणि स्वराज्याच्या आद्य पुरस्कर्त्यांत त्याची गणना होऊ लागली. ही पदवी दिशाभूल करणारी आहे, असे माझे मत आहे.

पदवीच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे २४ मे १४८७ रोजी डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथेड्रलमध्ये झालेला राज्याभिषेक. सातवा हेन्री गादीवर येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि लँबर्ट सिम्नेल नावाच्या सुमारे दहा वर्षांच्या पोराला यॉर्क घराण्याचा वारस ठरवून गॅरेटच्या पुढाकाराने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यात आला. तो मुकुटही मरियमच्या मूर्तीवरून उतरवलेला होता, असे सांगतात. परंतु त्या पोराला मुकुट घातला गेला तो कोणत्या नावाने? 'सहावा एडवर्ड, इंग्लंडचा राजा' या नावाने. इंग्लंडशी नाते तोडायचे असते, तर डब्लिनमध्ये इंग्लंडचा राजा घडवण्याचे कारणच नव्हते. त्यानंतर चौथ्या एडवर्डची बहीण, बरगंडीची मार्गारेट, हिने पाठवलेल्या दोन हजार जर्मन भाडोत्री सैनिकांसह ही फौज समुद्र ओलांडून गेली आणि १६ जून रोजी स्टोक येथे तिचा धुव्वा उडाला. चिलखताविना लढणारे आयरिश पायदळ तिथे कापले गेले, आणि गॅरेटचा सख्खा भाऊ टॉमस हाही मारला गेला. लँकेस्टर आणि यॉर्क या इंग्रज घराण्यांच्या भांडणात एका सरदाराने चुकीच्या बाजूवर लावलेला हा डाव होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याचे सगळे बळ राजाच्या शिक्क्यातून आलेले होते आणि हे त्याला स्वतःला उत्तम कळत होते.

जुनी मोजडी

शिक्क्याचा विषय आपणच काढलात हे बरे झाले. १४७८ साली बाप वारला तेव्हा डब्लिनच्या सल्लागार मंडळाने प्रथेप्रमाणे गॅरेटला कारभारी निवडले. चौथ्या एडवर्डला हे मान्य नव्हते, म्हणून त्याने लॉर्ड ग्रे नावाचा इंग्रज सरदार सुभेदार नेमून पाठवला. पुढे काय झाले? डब्लिनच्या किल्ल्याचा किल्लेदार जेम्स कीटिंग याने पूल मोडून टाकला आणि राजाच्या सुभेदाराला किल्ल्यात पाऊल ठेवू दिले नाही. राज्याचा मोठा शिक्का चान्सलर, म्हणजे शिक्का सांभाळणारा मुख्य अधिकारी, पोर्टलेस्टर याच्यापाशी होता. त्याने तो देण्यास साफ नकार दिला आणि राजाला नवीन शिक्का पाडण्याचा हुकूम द्यावा लागला. हा पोर्टलेस्टर गॅरेटचा सासरा. तेव्हा बळ शिक्क्यात होते हे खरे मानले, तरी शिक्का कोणाच्या घरात होता हेही पाहावे लागेल. ग्रे वर्षभरात हात हलवीत परत गेला आणि १४७९ मध्ये राजाने गॅरेटलाच नेमले. ज्याला काढता येत नाही त्याला सुभेदार म्हणणे हा कागदोपत्री शिष्टाचार झाला.

दुसरे असे की, १४८७ ची घटना आपण पूर्वपीठिकेपासून तोडून पाहता. १४६० मध्ये ड्रोहेडाच्या पार्लमेंटने, यॉर्कचा ड्यूक रिचर्ड तेथे आश्रयाला असताना, आयर्लंड हा स्वतंत्र अस्तित्व असलेला प्रदेश आहे आणि येथील पार्लमेंटने स्वीकारलेले कायदेच येथे लागू होतात, असे जाहीर केले होते. गॅरेट तेव्हा चार वर्षांचा असेल, पण त्याचा बाप सातवा अर्ल त्या काळी सत्तेवर होता. सत्तावीस वर्षांनी त्याच वर्गाने आपल्या पसंतीचा राजा निवडला. राजा इंग्लंडचा असला तरी तो डब्लिनने ठरवला, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. लंडनलाही ती क्षुल्लक वाटली नव्हती. नाहीतर १४९४ मध्ये सर एडवर्ड पॉयनिंग्जला पाठवून, राजाच्या आणि त्याच्या मंडळाच्या आगाऊ मंजुरीवाचून आयर्लंडमध्ये पार्लमेंट भरवता येणार नाही, असा कायदा करण्याची गरज का भासली असती? एका माणसाच्या धास्तीने केलेला तो कायदा १७८२ पर्यंत आयरिश पार्लमेंटच्या मानेवर बसून राहिला.

अनुराधा_द

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. मात्र चर्चा पुढे जाण्यापूर्वी एक इशारा देते, कारण थोरल्या गॅरेटचा विषय निघाला की काही गोष्टी हमखास येतात.

पॉयनिंग्जने १४९५ मध्ये गॅरेटला पकडून लंडनच्या टॉवरमध्ये पाठवले. १४९६ मध्ये राजासमोर चौकशी झाली तेव्हा कॅशेलचे कॅथेड्रल का जाळले, असा प्रश्न निघाला. त्यावर "आर्चबिशप आत आहे असे मला सांगण्यात आले होते, नाहीतर मी जाळले नसते" असे उत्तर त्याने दिले म्हणतात. मग मीथच्या बिशपने वैतागून "सगळे आयर्लंड मिळूनही या माणसावर राज्य करू शकणार नाही" असे म्हटले आणि सातवा हेन्री उत्तरला, "तर मग यानेच सगळ्या आयर्लंडवर राज्य करावे." या गोष्टी अतिशय रंगतदार आहेत. परंतु त्या आपल्यापर्यंत येतात त्या सोळाव्या शतकात जमवलेल्या हाउथ घराण्याच्या बाडातून, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच काळाने, आणि बखर वाचताना जी सावधगिरी आपण बाळगतो ती येथेही बाळगायला हवी. 'बिनमुकुटाचा राजा' या प्रतिमेला खरा रंग याच किश्शांनी चढवला आहे.

कागदावर जे दिसते ते अधिक कोरडे आहे आणि, माझ्या मते, अधिक बोलके. १४९६ मध्ये गॅरेटची सुभेदारी परत मिळाली, राजाच्या नात्यातील एलिझाबेथ सेंट जॉन हिच्याशी त्याचे दुसरे लग्न झाले, आणि थोरला मुलगा इंग्लंडच्या दरबारात राहिला तो १५०३ पर्यंत. एका हाताने सोयरीक आणि दुसऱ्या हाताने ओलीस. हेन्रीने मनुष्य नेमका ओळखला होता, त्यासाठी बिशपच्या तोंडी वाक्य घालण्याची आवश्यकता नाही.

पाणवठा

अनुराधाताई, आभार. तुम्ही दिलेली १४९६ ची तडजोड माझ्याच बाजूने बोलते, असे नम्रपणे सुचवतो. पॉयनिंग्जची मोहीम हेन्रीला महाग पडली, कारण इंग्लंडहून सैन्य आणून आयर्लंड ताब्यात ठेवायचे तर तिजोरी उघडी ठेवावी लागते. गॅरेट हेच काम स्वतःच्या जहागिरीच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या बळावर करीत होता. राजाने हिशेब केला आणि स्वस्त पर्याय निवडला. गॅरेटनेही आपला हिशेब केला: १४९७ मध्ये पर्किन वॉरबेक हा दुसरा तोतया कॉर्कला उतरला, तेव्हा दहा वर्षांपूर्वी सिम्नेलला मुकुट घालणारा हा गृहस्थ त्याच्या पाठीशी उभा राहिला नाही. स्वतंत्र आयर्लंडचे ध्येय डोळ्यांसमोर असते तर तीही संधीच होती.

आणि नॉकडोचे काय? १९ ऑगस्ट १५०४ रोजी गॉलवेजवळच्या त्या टेकडीवर त्याने क्लॅनरिकार्डच्या उलिक बर्कचा पराभव केला. उलिक हा त्याचा जावई. मुलीचे हाल झाल्याची कुजबुज कारणांत सांगितली जाते, पण उलिकने राजाचे गॉलवे शहर बळकावले होते, हे सरकारी कारण पुरेसे होते. पुढच्याच वर्षी गॅरेटला गार्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा सर्वात मानाचा सरदारी, किताब मिळाला. बिनमुकुटाच्या राजाला परक्या राजाकडून बक्षीस मिळत नसते.

नांगरगाठ

आतापर्यंतच्या चर्चेत राजे, शिक्के आणि जावई आले; ज्यांच्या घरात हे सैन्य जेवत होते ते मात्र आले नाहीत.

गॅरेटचे सैन्य ज्या पद्धतीवर पोसले जाई तिला 'कॉइन अँड लिव्हरी' म्हणत. सरदाराचे शिपाई आणि घोडे रयतेच्या घरी उतरत; त्यांचे खाणे, वैरण आणि वर काही रोख हे सगळे कुळाने द्यायचे, आणि मोबदला काहीच नाही. ही मूळची गेलिक, म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या मूळच्या रहिवाशांची, चाल. इंग्रज सरदारांनी ती उचलली आणि तिच्याविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षे लंडनला जात राहिल्या. पाणवठा यांनी ज्याला 'स्वस्त पर्याय' म्हटले तो राजाला स्वस्त होता, कारण खर्च किल्डेअर आणि मीथमधल्या शेतकऱ्यांच्या कणगीतून निघत होता. थोरल्याच्या मृत्यूनंतर, १५१८ मध्ये, त्याच्या मुलाने उत्पन्नाची एक वही लिहायला घेतली. तिच्यात गेलिक सरदारांकडून येणे असलेल्या खंडणीचे स्वतंत्र प्रकरण आहे: गुरे द्या, पैसे द्या आणि त्या बदल्यात अर्लचे संरक्षण घ्या. ही वही वाचताना मला ना राष्ट्रपुरुष दिसतो ना सुभेदार. वसुली चोख ठेवणारे एक जबरदस्त घराणे दिसते.

जुनी मोजडी

नांगरगाठ यांचा मुद्दा मान्य. पण वसुली चोख ठेवणे आणि राज्य करणे या दोन गोष्टी पंधराव्या शतकात वेगळ्या होत्या, असे युरोपातल्या कोणत्या राजाविषयी म्हणता येईल? ट्यूडरांची वसुली काय सौम्य होती?

खंडणीच्या त्या वहीतूनच माझा मुद्दा पुढे नेतो. ज्याला 'पेल' म्हणत तो इंग्रज कायद्याखालचा पट्टा डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या चार परगण्यांपुरता होता. गॅरेटचा शब्द त्याच्या कितीतरी पलीकडे चालत होता, आणि तेथे राजाच्या नेमणुकीच्या कागदाला कोणी विचारत नव्हते. तेथे सोयरीक चालत होती. त्याची बहीण एलेनॉर टिरोनच्या कॉन ओनीलला दिलेली होती. एक मुलगी दक्षिणेकडे मॅकार्थी घराण्यात, एक पश्चिमेला बर्कांकडे आणि एक, ज्यांच्याशी पिढीजात हाडवैर त्या बटलरांच्या पियर्सला. १३६६ च्या किलकेनीच्या कायद्यांनी गेलिक लोकांशी लग्नसंबंध करण्यास मनाई केली होती, हे ध्यानात घ्या. राजाचा सुभेदारच राजाच्या कायद्याविरुद्ध सोयरिकी जुळवीत होता आणि त्याच सोयरिकींवर राजाची शांतता टिकून होती. नॉकडोलाही त्याच्या बाजूने ओडॉनेल होते, ओकेली होते, त्यांचे परशुधारी गॅलोग्लास होते; पेलमधल्या इंग्रज सरदारांच्या खांद्याला खांदा लावून ते लढले. हे दृश्य दुसरा कोणता सुभेदार उभे करू शकला असता?

अनुराधा_द

त्याच लढाईनंतरची एक हकिकत त्याच हाउथच्या बाडात आहे, म्हणून भरवसा तेवढाच ठेवा. विजय मिळाल्यावर पेलमधला लॉर्ड गॉर्मनस्टन गॅरेटला म्हणाला, असे लिहिले आहे, की शत्रू तर बहुतेक मारून झाले, आता आपल्या बाजूच्या आयरिशांचेही तेच केले तर उत्तम होईल. वाक्य खरोखर उच्चारले गेले की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. पेलमधल्या घराण्यांत पुढच्या पिढीला ते सांगावेसे वाटले, यावरून खांद्याला लावलेला खांदा किती काळ टिकणारा होता याचा अंदाज येतो.

सांजवेळ

डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये भोक पाडलेले एक जुने दार ठेवलेले आहे. १४९२ च्या चकमकीत बटलरांचा जेम्स चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे कॅथेड्रलच्या सभागृहात, कोंडून बसला तेव्हा गॅरेटने त्या भोकातून आपला हात आत घातला, तोडला तर तोडा या तयारीने, आणि समेट झाला अशी कथा आहे. इतका धीट माणूस केवळ हिशेबी असेल, हे मनाला पटत नाही.

पाणवठा

सांजवेळ, धीट असणे आणि हिशेबी असणे यांत विरोध कोठे आहे? हात आत घालण्यापूर्वी पलीकडच्या माणसाची स्थिती त्याने पुरती जोखली असणार.

जुनी मोजडी यांच्या सोयरिकींच्या मुद्द्यापुढे मात्र मी थोडा मागे येतो. राजाच्या नेमणुकीवाचूनही गॅरेट मोठा राहिला असता, हे मी पहिल्या मजकुरात नाकारल्यासारखे झाले; ते चुकले. सरहद्दीवरचा सरदार दोन्हीकडच्या चाली पाळूनच जगतो. पण सोयरिकींचे हे जाळे एका माणसाच्या कर्तबगारीवर ताणलेले होते. १५१० मध्ये लिमरिकजवळ त्याला माघार घ्यावी लागली, आणि १५१३ मध्ये किलकी येथे ग्रीस नदीवर घोड्याला पाणी पाजत असताना लीशच्या ओमोरांची गोळी लागून झालेल्या जखमेने तो मेला. ज्या खंडणीदारांचा तो राजा म्हणवला जातो, त्यांच्यापैकीच ही मंडळी. पुढे नातू टॉमसने १५३४ मध्ये बंड केले, १५३५ मध्ये घराण्याची मेनूथची गढी पडली आणि ३ फेब्रुवारी १५३७ रोजी लंडनच्या टायबर्न या वधस्थळी टॉमस व त्याचे पाच काका एकाच दिवशी मारले गेले. सोयरे पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कोणालाही हे थांबवता आले नाही.

जुनी मोजडी

नातवाच्या बंडाचे माप आजोबाला लावणे मला न्याय्य वाटत नाही. आजोबा ३ सप्टेंबर १५१३ रोजी वारला तेव्हा काय घडले ते पाहा: डब्लिनच्या मंडळाने राजाच्या आज्ञेची वाट न पाहता धाकट्या गॅरेटला कारभारी निवडले, जसे १४७८ मध्ये थोरल्याला निवडले होते. फरक इतकाच की, या वेळी लंडनहून कोणी लॉर्ड ग्रे आला नाही. आठव्या हेन्रीने मुकाट्याने नेमणूक कायम केली.