तुमच्या घरातले स्वामीजी

१७ सप्टेंबरचं, म्हणजे निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला त्या दिवसाचं, झेंडावंदन करून परतताना शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, स्वाराती म्हणजे काय हो?" पोरगं अंबाजोगाईचंच, जन्मही स्वारातीच्याच दवाखान्यातला. म्हणलं, स्वामी रामानंद तीर्थ. तर म्हणतो, "म्हणजे महाराज होते का?" कपडे भगवेच, संन्यास १९३२ चा. पण मठ नाही, गादी नाही. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर, मग आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत, मग निजामाविरुद्ध लढणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस, तुरुंग आणि शेवटी थेट लोकसभा. म्हणून तुम्हाला म्हणलं, स्वामीजींबद्दल पुस्तकातलं नको, घरात ऐकलेलं लिहा. आलेली उत्तरं ही.

लातूरहून :
माझ्या आजीला स्वामीजी फोटोपुरते माहीत. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या, मात्र पक्के ठाऊक. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा, त्यामुळं ती त्याला नावानं शिव्या द्यायची. धाड येणार अशी कुणकुण लागली की ज्वारी पेवात, पितळी भांडी आडात आणि तरण्या पोरी उसात. आजोबा बार्शीकडं निघून गेले, म्हणजे मोगलाईच्या, निजामाच्या राज्याच्या हद्दीबाहेर. तिकडून रात्री परत यायचे, कधी निरोप घेऊन, कधी गाठोडं. गाठोड्यात काय होतं ते आजीला त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. पुढं स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी अर्ज केला तर कचेरीत विचारलं, "तुरुंगाचा दाखला?" आजोबा म्हणले, "सापडलो नाही म्हणून तर काम झालं." अर्ज परत आला. नंतर त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

संभाजीनगरहून :
वडिलांनी १९५७ ला पहिलं मत दिलं ते स्वामीजींना. १९५२ ला ते गुलबर्ग्याहून निवडून गेले होते, या खेपेला औरंगाबादहून. वडील काँग्रेसवाले नव्हते, तरी द्यायचं ठरवलं. कारण एकच. भाषेप्रमाणं हैदराबाद राज्याचे तुकडे पडलेच पाहिजेत, हे स्वामीजी काँग्रेसमध्ये राहून बोलत होते. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. पण हैदराबाद काँग्रेसातले दुसरे पुढारी बुर्गुल रामकृष्ण राव, त्यांचा गट आणि स्वामींचा गट ही भांडणंही वडिलांनी पाहिली होती. "संन्याशाला कसला रे गट?" असं ते कुरकुरायचे. मला वाटतं, राजकारणात उतरल्यावर गट होणारच. मंत्रिपद घेतलं नाही, हेच पुष्कळ.

परभणीहून, माहेर पुण्याचं :
लग्नानंतर पहिल्या सप्टेंबरात सासरे पहाटे धोतर नेसून तयार. विचारलं, आज काय? तर म्हणाले, "तुमचा पंधरा ऑगस्ट झाला, आमचा आज." पंधरा ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली होती, हे तेव्हा कळलं. पुण्यात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

नांदेडहून :
आमच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव, म्हणून माझ्या पदवीवर ते पूर्ण आहे, तरी तोंडात स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ) हेच बसलंय. परीक्षेचा निकाल लागला नाही की शिव्या त्याच नावाला. बिचारे स्वामीजी.

हिंगोलीहून :
आमचे चुलत आजोबा उमरखेडच्या कँपात होते, निजामाच्या हद्दीबाहेरून लढणाऱ्यांच्या तळावर. दोन टिपणवह्या घरात आहेत, पण मजकूर उर्दूत. तेव्हा शाळाच उर्दू माध्यमाची, त्यामुळं निजामाविरुद्धचा हिशेबही निजामाच्याच भाषेत लिहिलाय. घरात कुणाला वाचता येत नाही. शिकस्ता, म्हणजे उर्दूचं घाईचं मोडलेलं अक्षर, लागणारं कुणी असलं तर कळवा, वह्या घेऊन मी येतो.