जुन्या गाड्यांचं प्रदर्शन: मराठवाडेकरांनो, तुम्ही काय पाहिलंत?

किंगपिन (छत्रपती संभाजीनगर)

दिल्लीतली जुन्या गाड्यांची स्टेट्समन रॅली १९६४ पासून चालू आहे. मुंबई, बडोदा, जयपूर इथल्या मेळाव्यांचे फोटो आपण वर्षानुवर्षं बघतोय. आपल्याकडे संस्थानिकांचे मोटारखाने नाहीत. असतो तो एखाद्या कॉलेजच्या मैदानावरचा मेळावा, सव्वीस जानेवारीची फेरी, नाहीतर दसऱ्याला कुणाच्या तरी गॅरेजसमोर धुऊनपुसून, हार घालून उभ्या केलेल्या चार गाड्या. तरी आपण जातो, आणि घरचे विचारतात, 'भंगार बघायला एवढ्या लांब?'

म्हणून हा धागा. हैदराबाद, पुणे, मुंबई कुठलंही प्रदर्शन चालेल, पण बघणारा मराठवाड्याचा हवा. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर सगळं चालेल. फोटोपेक्षा काय बघितलंत, कुणाशी बोललात ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात असाच मेळावा होता. मी रंगाकडे बघतच नाही. सरळ वाकतो आणि गाडीखाली बघतो. खाली ऑइल टिपायला पत्र्याचा ट्रे ठेवलेला असेल तर समजायचं की ही गाडी चालते, ट्रकवर चढवून आणलेली नाही.

तिथं एक स्टँडर्ड हेरल्ड होती. ही गाडी मद्रासला १९६१ पासून बनायची. मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, आणि तिचा आकार मिकेलोट्टी या इटालियन माणसाचा. मालकांनी दोन बाजूंच्या कड्या सोडल्या आणि मडगार्ड, दिवे, बोनेट असं अख्खं तोंडच पुढं उलटून उघडलं. गर्दीतनं 'आयला!' असा एकच आवाज आला. मालक मग चक्क पुढच्या टायरवर बसले आणि तिथूनच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) दाखवायला लागले. गाडी दुरुस्त करणाऱ्याचा इतका विचार केलेली दुसरी मोटार मी पाहिलेली नाही. आजकालच्या गाडीत बोनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण दिसतं, विषय संपला.

शेजारी प्रीमियर पद्मिनी. सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, १०८९ सीसीचं इंजिन. तिथली रांग मात्र फोटोसाठी नव्हती. जो तो मालकाला 'आमच्याकडं पण होती' हे सांगायला उभा होता.

गोदाकाठ (नांदेड)

आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तेव्हा माझा अनुभव चौमहल्ला पॅलेसचा. तिथं निजामाची १९१२ सालची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवलेली आहे. पिवळीधमक. मागची बैठक सिंहासनासारखी. सहाव्या निजामाने मागवली आणि वापरायला मिळाली सातव्याला. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्याच राजवटीत होता, त्यामुळे त्या गाडीच्या पेट्रोलात आपल्या पणज्यांचा शेतसाराही असणार, असा विचार काचेसमोर उभं राहिल्यावर आलाच.

खरं सांगू? गाडी देखणी आहे, पण मला ती फर्निचर वाटली. मिरवणुकीपुरती बाहेर निघणारी गाडी. माझा जीव अडकला तो हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवलेल्या लाल अल्बियन बसमध्ये. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ बसवर सरकारी बससेवा चालू केली, ही त्या काळातली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इकडची ती सेवा पुढे आपल्या एसटीत मिसळली. पत्र्यावरचे रिव्हेट मोजत तिथंच उभा राहिलो. पहारेकरी म्हणाला, 'क्या देख रै मियाँ, बस है ना!' म्हटलं, 'हौ, बस हीच देखना था.'

बीड बायपास

@गोदाकाठ, सिल्व्हर घोस्टचा दुसरा अवतार बघायचा असेल तर पुण्याला जाता-येता अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात थांबा. तिथं रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे. सिल्व्हर घोस्टच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि वर मशीनगनचा बुरूज. तोच सांगाडा एकीकडे राजाला घेऊन फिरला, दुसरीकडे गोळ्या खात फिरला. मला दुसरी जास्त आवडली.

मांजराकाठ (लातूर)

मी आप्पांबरोबर गेले होते. आप्पा मिस्त्री. आयुष्य अँबेसिडर, फियाट आणि जीपखाली गेलं. आता गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही, दुकान भाऊ बघतो. कोणाच्या तरी ओळखीनं पास मिळाला म्हणून गेलो. कोणत्या गावी ते सोडा.

गेटवरच एकानं मला विचारलं, 'ताई, फोटो काढू का गाडीसोबत?' म्हटलं, 'फोटो राहू द्या, काका, बोनेट उघडा की.' त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आप्पा नुसते हसले.

गाडी अँबेसिडर मार्क टू. बाहेरून इतकी चकचकीत की त्यात तोंड दिसावं. काकांनी बोनेट उघडलं, सेल्फ मारला, इंजिन चालू झालं. आप्पांनी डोळे मिटले. त्यांची ही सवय घरात सगळ्यांना माहीत आहे, आजूबाजूच्या लोकांना मात्र वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. एक मुलगा पाणी घेऊन धावला.

डोळे उघडून आप्पा म्हणाले, 'पॉइंट काढून टाकलाव का?'

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरंच, डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, त्यातला पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारा-जोडणारा खटका) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर काढून आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं. कुणाला दिसत नाही, झाकणाखाली असतं. 'आवाजावरून कसं कळलं?' आप्पा म्हणाले, 'लईच सरळ चालू लागलीय. पॉइंटवरची गाडी जराशी बोलती.'

मग तिथंच शाळा भरली. पॉइंटची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर गावाकडं कशानं बघायचे, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) एक-तीन-चार-दोन विसरू नये म्हणून पोरं ती कशी घोकायची, पावसात डिस्ट्रिब्युटरवर रबरी ट्यूबचा तुकडा कसा बांधायचे. वीस-बावीस वर्षांची पोरं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागली. ज्या गाडीपाशी पाच मिनिटं थांबायचं तिथं दुपार झाली. आयोजकांनी शेवटी आप्पांना खुर्ची आणून दिली.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणं पाप आहे का, यावर माझं आणि आप्पांचं पटत नाही. मी म्हणते मूळ होतं तेच ठेवावं, नाहीतर प्रदर्शन कशाचं? आप्पा म्हणतात, रस्त्यात बंद पडणारी अस्सल गाडी घेऊन काय करायचंय. सुटे भाग मिळेनात, मिळाले तर नकली. ज्यानं गाडी घरी परत जाती, ते लावावं.

किंगपिन

@मांजराकाठ, आप्पांना दंडवत. मी आप्पांच्या पक्षात, फक्त काढलेला पॉइंट-कंडेन्सर डब्यात घालून डिकीत ठेवायचा.

वाळूजकर

दुचाकीवाल्यांचंही ऐका. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला चालू झाला तेव्हापासून आमच्या भागात स्कूटर म्हणजे घरचं माणूस. जुन्या दुचाकींच्या मेळाव्यात चेतकांची रांग लागली होती. एक आजोबा आले, कुणाला न विचारता एक स्कूटर स्टँडवरून काढली, एका बाजूला कलती केली, परत सरळ केली आणि किक मारली. सुरू! मालक बघतच राहिला. आजोबा स्टँड लावून पुढं गेले.

दुसरी गंमत जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून १९९६ पर्यंत आधी जावा आणि मग येझदी नावानं गाड्या काढल्या. त्यांचा गिअरचा दांडाच वर फिरवून किक म्हणून वापरायचा असतो. मालकानं कॉलेजच्या पोरांना पैज लावली, 'किक शोधा, चहा माझ्याकडून.' पोरं गाडीभोवती फिरून दमली. चहा आम्हीच प्यायलो.

परभणीचा पाव्हणा

आमच्याकडच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी कशाला होती ओळखा. इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरला! मोटारींकडं लोक लांबून बघत होते, ट्रॅक्टरवर मात्र हात फिरवत होते. एक बाबा नातवाला म्हणाले, 'ह्याच्यावर मी नांगरायलो तवा तुझा बाप पाळण्यात होता.'

माझी एक तक्रार आहे. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला तर केवढ्या बातम्या! आपली काळीपिवळी म्हणजे कमांडर जीप. आत दहा, मागं लटकलेले पाच, टपावर शेळी. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत निम्मी लग्नं तिनं लावली. ती एकाही प्रदर्शनात का नाही? सगळ्या कापून भंगारात गेल्या. कुणाकडं धड अवस्थेतली असेल तर मला बघायची आहे, पेट्रोल माझं.

बीड बायपास

आता थोडं कडू. मी गेलो त्या कार्यक्रमात गाड्यांपेक्षा बॅनर मोठे होते. पाहुणे दोन तास उशिरा, तोवर गाड्या उन्हात. मग भाषणं. डीजे इतका की इंजिनाचा आवाज ऐकूच येईना. आणि लोक! बोनेटवर लेकरू बसवून फोटो. जीन्सच्या बटणानं रंगावर ओरखडा उठतो हे सांगायला गेलं तर 'जुनीच तर हाय' हे उत्तर.

गाडीपाशी माहितीची पाटी लावायला आयोजकांना काय जड जातं? साल, मॉडेल, इंजिन, गाडी या जिल्ह्यात कशी आली, एवढं पुरे. एमएच क्रमांक येण्याआधीची नंबरप्लेट अजून असेल तर तीच अर्धी गोष्ट सांगते.

जालना रोड

गाडी चालवत प्रदर्शनाला नेण्याचा अनुभव. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर, मार्च महिना, मामांची जुनी पेट्रोल गाडी (कोणती ते विचारू नका, मामा वाचतात). बदनापूरच्या पुढे धाप लागून थांबली. मामा शांत. 'गॅस झाला,' म्हणाले.

नव्या पोरांसाठी सांगतो. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. उन्हाळ्यात तिथं इतकी उष्णता होते की पाइपातलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचायच्या आधीच वाफ होतं, आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही. त्यावर उपाय पंपावर ओलं फडकं. ते मामांच्या गाडीत कायमचंच असतं. शेजारच्या रसवंतीवाल्यानं बर्फाचा तुकडा दिला. तोवर आमच्याभोवती दहा-बारा माणसं जमली, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. पंधरा-वीस मिनिटांत गाडी चालू. त्या गर्दीतले दोघं मोटारसायकलवर आमच्या मागोमाग प्रदर्शनापर्यंत आले आणि दिवसभर गाडीपाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'आम्ही बर्फ लावला' म्हणून सांगत होते.

हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा लवकर खराब होतो. लांब जायचं असेल तर इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या.

तुळजापूर नाका (धाराशिव)

आजोबांची १९६८ ची फियाट वाड्यात उभी आहे. पुढचे प्रदर्शन असेल तिथे आणावी म्हणतोय. कागद जुनेच आहेत. ते विंटेज नोंदणीचं काय प्रकरण आहे?

किंगपिन

केंद्राचा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. मुख्य अट अशी की मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक संशोधन एवढ्यापुरतीच. तुम्हाला रविवारी आईला घेऊन देवीला जायचं असेल तर अर्ज करण्याआधी आरटीओत नीट विचारा. आणि वाड्यात किती वर्षं उभी आहे? सेल्फ मारू नका. आधी टाकी उतरवून साफ करा, ऑइल बदला, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि इंजिन हातानं फिरतंय का बघा.

मांजराकाठ (लातूर)

@तुळजापूर नाका, आप्पा विचारतायत, पुढचे दरवाजे उलटे (बिजागरी मागं) उघडतात का सुलटे? १९६८ ची असेल तर सुलटे हवेत, फियाटचं डिलाइट मॉडेल असणार. उलटे असतील तर गाडी त्याहून जुनी, कागद परत बघा.

तुळजापूर नाका (धाराशिव)

सुलटे. पण पुढची जाळी गायब आहे, कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली असं आजी सांगते. कुठं मिळेल?

मांजराकाठ (लातूर)

मिळायची वाट बघू नका. आप्पांच्या ओळखीचे एक टिनकाम करणारे चाचा पत्र्यातनं ठोकून देतात, वरून प्लेटिंग बाहेरून करून घ्यायची. त्यांना फोटो लागतो. ज्यांच्याकडं डिलाइट आहे त्यांनी जाळीचा समोरून फोटो इथं टाका, शेजारी इंचाची पट्टी धरून. आणि एक मागच्या बाजूचा, जाळी बसवायचे कान कुठं आहेत ते दिसलं पाहिजे.