पाकिटातील गोळ्या घेऊनही अंगावरून पांढरे जाणे थांबत नाही. जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत का?

अबोली:
नमस्कार. मी पस्तिशीची असून तालुक्याच्या गावी राहते. वर्षभर मला अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास वारंवार होतो आणि अलीकडे ओटीपोटातही दुखते. औषधांच्या दुकानात फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल यांचे चार गोळ्यांचे पाकीट मिळते. ते घेतले की काही दिवस बरे वाटते आणि मग सारे पूर्ववत होते. जंतू आता औषधांना दाद देत नसावेत, असे दुकानदार म्हणाले आणि त्यांनी याहून 'भारी' गोळ्या सुचवल्या. हे खरे असू शकते का? तपासणी करायची झाल्यास नेमकी कोणती करावी?

ओवी (स्त्रीरोगतज्ज्ञ):
असू शकते, परंतु माझ्या मनात येणारी ती पहिली शंका नाही. पांढरे जाण्यामागे बहुधा योनीतील जिवाणूंचे बिघडलेले संतुलन, बुरशी किंवा ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी यांपैकी काहीतरी असते, आणि या तिन्हींवरचे उपचार वेगवेगळे आहेत. ट्रायकोमोनासचे उदाहरण घ्या. स्त्रियांमध्ये मेट्रोनिडाझोलच्या एकाच मोठ्या मात्रेपेक्षा सात दिवस दोन वेळा घेतलेली ५०० मिलिग्रॅमची गोळी अधिक परिणामकारक ठरते, हे चाचण्यांत दिसून आले आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याप्रमाणे शिफारस बदलली. अशा वेळी जंतू मुळीच बदललेला नसतो. उपचार तोकडा पडलेला असतो.

मला अधिक काळजी वाटते ती ओटीपोटातील दुखण्याची. संसर्ग गर्भाशयमुखातून वर चढून गर्भनलिकांपर्यंत पोहोचला असेल, तर सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन आणि त्यासोबत डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडाझोल यांचा चौदा दिवसांचा उपचार लागतो. पाकिटातील गोळ्यांनी लक्षणे तेवढी दबतात, नलिकांना व्रण पडत राहतात, आणि पुढे वंध्यत्व किंवा नलिकेतील गर्भधारणा असे परिणाम भोगावे लागतात. म्हणून आधी आतून तपासणी करून घ्या आणि गरोदर असण्याची थोडीशीही शक्यता असल्यास ते प्रथम सांगा, कारण गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन दिले जात नाही. ताप आला किंवा दुखणे वाढले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

काचपट्टी (सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा):
दुकानदारांचे म्हणणे एका जंतूच्या बाबतीत मात्र गंभीरपणे घ्यायला हवे. तो म्हणजे गनोरियाचा, ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन, अशी एकेक औषधे त्याने निकामी केली. भारतातील नमुन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे जंतू आता बहुसंख्य आहेत. सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा जंतू २००९ मध्ये जपानमधील क्योतो येथे सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभर गनोरियाचे सुमारे ८ कोटी २० लाख नवे संसर्ग झाले. अनेक स्त्रियांमध्ये त्याची लक्षणेच दिसत नाहीत, त्यामुळे तो फार काळ लपून राहतो.

आता तुमच्या पाकिटाकडे पाहा. त्यात गनोरियावर भरवसा ठेवावा असे एकही औषध नाही. एकट्या अझिथ्रोमायसिनने दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम या जंतूच्या बाबतीतही हेच घडते. अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा वारंवार दिली गेल्यामुळे त्याच्यात औषधाला दाद न देण्याची क्षमता वाढली आहे. शिवाय पेनिसिलिन किंवा सेफिक्झिमसारखी औषधे जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, मारा करतात आणि याला ते कवचच नसल्याने त्यांचा त्याच्यावर परिणामच होत नाही.

तपासणीत गनोरिया, क्लॅमिडिया (हाही लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणू) आणि ट्रायकोमोनास यांची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, मागा. तिचा नमुना योनीतून घेतलेला चालतो. मात्र नेहमीच्या पीसीआरमधून जंतू आहे की नाही एवढेच कळते. गनोरियावर कोणते औषध चालेल हे जाणून घेण्यासाठी गर्भाशयमुखातून नमुना घेऊन कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, करावे लागते. हा जंतू इतका नाजूक असतो की वाळलेला किंवा उशिरा आलेला नमुना आमच्या काहीच कामाचा राहत नाही. प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वीच नमुना द्या.

रानवाट:
मी अनेक वर्षे सरकारी केंद्रात समुपदेशन केले आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील औषधांची रंगीत किट लक्षणांवरूनच दिली जातात. योनिस्रावासाठी हिरवे, गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी करडे, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. ही पद्धत अज्ञानातून आलेली नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे लक्षणांवरून उपचार करणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होता. दोष आहे तो दुकानातील पाकिटाचा, कारण तिथे ना तपासणी होते ना पाठपुरावा.

शिवाय जोडीदाराचा उपचार झाला आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो झाला नसेल, तर प्रत्येक वेळी नव्याने लागण होऊ शकते.

अबोली:
सर्वांचे आभार. पती कामानिमित्त बाहेरगावी असतात आणि त्यांना काहीच त्रास नाही, म्हणून ते तपासणीस तयार नाहीत. त्यांना त्रास नसताना औषध देणे योग्य ठरेल का?

ओवी (स्त्रीरोगतज्ज्ञ):
त्रास नसणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे. ट्रायकोमोनास पुरुषांमध्ये बहुतेकदा मुकाट राहतो. गनोरिया, क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनास निघाला, तर त्यांना उपचार द्यावेच लागतात. जिवाणूंच्या असंतुलनात पूर्वी पतीला औषध देत नसत. परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत जोडीदारालाही उपचार दिल्यावर बारा आठवड्यांत त्रास परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले.

ते गावी येऊ शकत नसतील, तर ते असतील त्या शहरातील शासकीय रुग्णालयाच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये जाऊ शकतात. तिथे तपासणी मोफत होते आणि माहिती गोपनीय राहते. तुमचा अहवाल त्यांच्यासोबत द्या. दोघांचा उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध टाळावेत. फेरतपासणीची पीसीआर लगेच करू नका, कारण मेलेल्या जंतूंचे अंश काही आठवडे नमुन्यात राहतात आणि अहवाल विनाकारण पॉझिटिव्ह येतो.