नवा बंब आधी की शहराचा नकाशा आधी?

चौकोन :
माझं मत आधीच सांगतो. अग्निशमन दलाच्या हातात पैसा मोजकाच असेल, तर नवा बंब घेण्याआधी शहराचा डिजिटल नकाशा नीट करून घ्यावा. रस्त्यांचा नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, तो मी म्हणत नाही. दलाच्या कामाचा नकाशा म्हणतोय: कुठला हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ, चालू आहे, त्याला दाब किती, कुठल्या गल्लीत मोठं वाहन वळतं, इमारतीचा मागचा जिना कुठे उतरतो, गॅसचा मुख्य कॉक कुठल्या भिंतीवर आहे.

हिशेब करून बघा. ४,५०० लिटरची टाकी असलेल्या बंबाने मिनिटाला ४५० लिटरची एक धार धरली, तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन धारा लावल्या तर पाच मिनिटांत. म्हणजे पुढचं पाणी कुठून घ्यायचं हे बंब वाटेत असतानाच ठरलेलं हवं.

आणि ही आजची टूम नाही. अमेरिकेत डी. ए. सॅनबॉर्न यांनी १८६७ मध्ये कंपनी काढून आगीच्या विम्यासाठी शहरांचे असेच नकाशे करायला घेतले. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, शिवाय मजले आणि पाण्याच्या वाहिन्या. विमा कंपनीला धोका मोजायला जी माहिती लागत होती, ती आत शिरणाऱ्या जवानाकडे आज अनेक ठिकाणी नसते. हे मला खरोखर बोचतं.

जुनी शिट्टी :
२६ वर्षं बंब चालवला आहे, म्हणून लिहितो. एका रात्री दीडला वर्दी आली. टॅबवर हायड्रंटचा निळा ठिपका, आगीपासून जेमतेम चाळीस पावलांवर. उतरून बघतो तर सगळं ताजं डांबर. रस्ता करताना झाकणावरूनच थर गेलेला. आमचा एक फायरमन पहार आपटत आवाज ऐकत फिरला, पोकळ आवाज लागला तिथे फोडलं. सहा मिनिटं त्यात गेली. तोवर टाकी संपत आली होती आणि वरच्या मजल्यावर ब्रँच, म्हणजे पाइपाचं धार सोडणारं तोंड, धरून उभी असलेली पोरं खाली ओरडून पाणी मागत होती.

नकाशा नसता तर मी डोळे झाकून दोन चौक मागच्या पाण्याच्या टाकीकडे गेलो असतो. तिथे पाणी असतं हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ठिपक्यावर विश्वास ठेवला म्हणून वेळ गेला. चुकीचा नकाशा कोऱ्या कागदापेक्षा वाईट, हे मी त्या रात्री शिकलो.

अक्षांश :
शिट्टी, तुमचा अनुभव खोडून काढायचा नाही. पण दोष नकाशा असण्याचा नव्हता, त्या ठिपक्यावर तारीख नसण्याचा होता. हायड्रंट शेवटचा उघडून कधी पाहिला हे ठिपक्यातच दिसायला हवं, आणि तपासणीची मुदत उलटली की त्याचा रंग उतरायला हवा. मग चालक त्याच्या भरवशावर राहणार नाही.

मी नकाशांचंच काम करतो. अग्निशमन केंद्राभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढून ‘एवढा भाग आपल्या आवाक्यात’ असं सांगण्याची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. वर्तुळाला मधला रेल्वेमार्ग दिसत नाही, नदी दिसत नाही. रस्त्यांच्या जाळ्यावरून प्रवासाचा वेळ काढला की त्या गोल चकतीचा वेडावाकडा तारा होतो आणि वर्तुळातल्या कित्येक वस्त्या बाहेर पडतात. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात पहिला बंब २४० सेकंदांच्या प्रवासात पोचावा, तोही ९० टक्के वेळा, अशी अपेक्षा धरली होती. हे ‘९० टक्के वेळा’ मोलाचं आहे. सरासरी काढली की सर्वांत उशिरा मदत मिळणारे लोक तिच्यात लपून जातात.

राखणदार :
वेळ मोजण्यावर एवढा भरवसा टाकण्याआधी न्यूयॉर्कचं काय झालं ते बघा. १९७० च्या दशकात तिथे न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने प्रतिसादाच्या वेळेची गणिती मॉडेलं केली. शहराला खर्च कापायचा होता. त्या मॉडेलांचा आधार घेऊन तुकड्या बंद झाल्या किंवा हलवल्या गेल्या, आणि त्यांत ब्राँक्ससारख्या, आधीच आगींनी होरपळणाऱ्या गरीब भागांतल्या तुकड्याही होत्या. जिथे एकामागून एक वर्दी येते तिथला बंब केंद्रात उभाच नसतो, तो आधीच्या आगीवर असतो. मग केंद्रापासूनचं अंतर मोजून काय कळणार?

माझी भीती हीच आहे. नकाशा जवानासाठी म्हणून येतो आणि वापरला जातो केंद्र बंद करायला. रंगीत पडद्यावर दोन चकत्या एकमेकींवर आलेल्या दिसल्या की ‘इथे एक केंद्र जास्त आहे’ म्हणणारा कुणीतरी निघतोच.

चौकोन :
राखणदार, तो धोका मला मान्य आहे. पण माहिती नसल्याची किंमतही मोजली गेली आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ माणसं गेली. चौकशीच्या २०१९ च्या पहिल्या अहवालात शिफारस होती, की उंच इमारतींच्या प्रत्येक मजल्याचे अद्ययावत आराखडे मालकांनी स्थानिक अग्निशमन दलाला द्यावेत, कागदावरही आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही. धुरात वर चढणाऱ्या माणसाला जिना डावीकडे की उजवीकडे हे आधी ठाऊक असावं, एवढंच मागणं आहे.

जुनी शिट्टी :
कागदावरही, हे वाचून बरं वाटलं. धुरात आणि पाण्यात टॅब चालतोच असं नाही.

अक्षांश, तारखेचं पटलं. पण ठिपका पुसायचा कुणी, ते सांगा. आमच्याकडे हायड्रंटची यादी पाणीपुरवठ्याची, रस्ता दुसऱ्या खात्याचा, आणि टॅब आमचा. बंद हायड्रंट मी स्वतः तीनदा लिहून कळवला होता, तरी पडद्यावर तो निळाच राहिला. तपासणीला गेलेल्या फायरमनने झाकण उघडत नाही असं पाहिलं, तर त्याच्या बोटाने तिथल्या तिथे ठिपका लाल व्हायला हवा. वरच्या मंजुरीची वाट बघायची नाही.

अक्षांश :
यावर माझा थोडा विरोध आहे. कुणीही रंग बदलू लागला तर चुकून चालू हायड्रंट लाल होतील. तरी लाल करायची मुभा प्रत्येक जवानाला द्यावी, कारण त्या चुकीने फार तर पुढच्या हायड्रंटपर्यंत जावं लागेल. परत निळा मात्र पाणी सोडून, दाब मोजूनच व्हावा.

जुनी शिट्टी :
हे चालेल. मोजणाऱ्याचं नाव आणि तारीख तिथेच दिसू द्या.

राखणदार :
हायड्रंटचं मिटलं असेल. केंद्राचं नाही. कुठल्या वेळी कुठलं केंद्र रिकामं होतं, हे तुमच्या नकाशावर उतरेपर्यंत त्याच्या आधारे एकही केंद्र हलवू नका, एवढं तरी लिहून घेता येईल का?