नाव तेच, चिप कापलेली
एकाच नावाच्या दोन ग्राफिक्स कार्डांत फरक फक्त मेमरीचा, म्हणून स्वस्तातलं बिनधास्त घ्या, असं कुणीतरी लिहिलंय. इथंच तर फसगत होते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० च बघा. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची बस (चिप आणि मेमरीतली डेटाची वाट). २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. खोक्यावर ठळक अक्षरात मात्र ३०५० च.

निपाणीच्या भाच्यानं बेळगावातनं हेच ६ जीबीवालं आणलं. दुकानदार म्हणे, "दोन जीबीच कमी हो, बाकी सेम." एक खरं, ७० वॅटवरच चालतं, त्यामुळं त्याच्या जुन्या ऑफिस पीसीत पॉवरची वेगळी वायर लागली नाही. त्याचं भागलं. पण मग नाव ३०४० ठेवायला काय झालं होतं?