पायाची जुनी जखम: ड्रेसिंगआधी कारण बघू या

पायाची जखम महिनोन्महिने भरत नसली की आपण जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, नुसती अँटिबायोटिकं बदलत राहतो, अशी तक्रार होते; ती मला अगदी पटते. ताप, पसरणारी लाली, वाढता ठणका नसेल तर अँटिबायोटिक लागतच नाही. त्यात खानदेशातल्या अनुभवातून थोडी भर घालतो.

घोट्याच्या आतल्या बाजूची, काळवंडलेल्या कातडीवरची ओली जखम बहुधा व्हेरिकोजची, म्हणजे फुगलेल्या शिरांमुळे झालेली असते. ती मलमाने नव्हे, दाबपट्टीने भरते. पण आधी हँड डॉपलरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं हातातलं यंत्र) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून गुणोत्तर काढाच. ०.८ च्या खाली पूर्ण दाब देऊ नका, ०.५ च्या खाली दाब अजिबात नको, लगेच व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे पाठवा. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगला येतो, त्यावर विसंबू नका.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणारा माणूस मे महिन्यात पट्टी सोडून टाकतो. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेल्यावर त्याला काय बोलणार? तेव्हा सोसवेल तेवढा दाब द्या, काहीच नसण्यापेक्षा तो खूप बरा.

आणि सातपुड्यातला, धडगाव-अक्कलकुव्याकडचा तरुण पेशंट घोट्याची जखम घेऊन आला तर सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) डोक्यात आलाच पाहिजे. सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या करून घ्या. हे निदान राहून जातं, याचं फार वाईट वाटतं.

दर खेपेला जखमेची लांबी-रुंदी केसपेपरवर लिहा. नीट उपचार करूनही ती हलत नसेल, कडा उचललेल्या असतील, तर कॅन्सर नाही ना हे बघायला बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) लांबवू नका.