पोलंड एवढा पुढे गेला, मग बल्गेरिया मागे का राहिला?

उनाड_पान: दोन्हीकडची कम्युनिस्ट राजवट १९८९ लाच ढासळली, दोघंही आता ईयूमध्ये म्हणजे युरोपियन युनियनमध्ये (पोलंड २००४, बल्गेरिया २००७), मग उत्पन्नात एवढी तफावत कशी काय? सगळं श्रेय पोलंडच्या शॉक थेरपीला (एका फटक्यात सरकारी अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे जाणं) देतात ते मला तरी पटत नाही.

बखरवाला: पूर्ण नाही पण बरंचसं श्रेय आहे. १ जानेवारी १९९० ला पोलंडमध्ये अर्थमंत्री बाल्त्सेरोविचचा प्लॅन लागू झाला, भावांवरचं नियंत्रण काढलं, सबसिडी कापल्या. पण लोक हे विसरतात की १९९१ मध्ये पॅरिस क्लबने (कर्ज देणाऱ्या देशांचा गट) पोलंडचं निम्मं कर्ज माफ करायचं कबूल केलं. बल्गेरियाने मात्र १९९० मध्ये परदेशी कर्जाचे हप्तेच थांबवले, मग बाहेरून पैसा कोण देणार? आणि खरा घोळ बँकांचा, तोट्यातले सरकारी कारखाने जगवायला त्या कर्ज देत राहिल्या, ते बुडालं, वरून नोटा छापल्या, आणि १९९६-९७ च्या हिवाळ्यात सगळंच बसलं, फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात भाव तिपटीच्या वर गेले!! म्हणजे पोलंडने आधीच सोसलेलं यांनी सात वर्षं उशिरा आणि जास्त वाईट हालतीत सोसलं.

तिरकस: पोलंडची फार आरती नको. २००२ च्या आसपास तिथे बेकारी २० टक्क्यांच्या घरात होती, सरकारी शेतं बंद पडली त्या गावांना कुणी विचारलं नाही. २००४ नंतर पोरं ब्रिटन-आयर्लंडला पळाली कारण जर्मनीने पोलिश कामगारांना २०११ पर्यंत मोकळं दार दिलंच नाही. आकडे बघताना हे पण बघा की राव.

बखरवाला: मान्य. अजून एक गंमत, बल्गेरियाने जुलै १९९७ मध्ये आपल्या चलनाचा, लेव्हचा, दर जर्मन मार्कला बांधला, पुढे युरोला, आणि १ जानेवारी २०२६ पासून थेट युरोच. पोलंडकडे अजून स्वतःचं चलन, झ्लॉटी आहे. २००८ च्या जागतिक मंदीत झ्लॉटी घसरला, निर्यातीला आधार मिळाला, २००९ मध्ये अख्ख्या ईयूत फक्त पोलंडची अर्थव्यवस्था वाढली.

उनाड_पान: म्हणजे युरो न घेणं फायद्याचं?

तिरकस: त्या वर्षी तरी हो. पण लॅटव्हियाने त्याच मंदीत उलटं केलं, युरोला बांधलेला चलनाचा दर सोडला नाही, सरकारी पगार कापले, लोकांचे जाम हाल झाले, तरी २०१४ ला युरो घेतलाच.